सायलोमागचे सूर्यघड्याळ

वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना क्लेम पास्को पितळ पुसायला गेला, आणि सूर्य जागेवर नव्हता.

तसा तो आकाशात होता. घरून निघताना क्लेमच्या पाठीवर ऊन होते, बेकरीसमोरच्या बाकांवर होते, धक्क्याजवळच्या पाण्यावर तर डोळ्यांत खुपेल इतके होते. पण बार्ली साठवायच्या उंच कोठ्यांच्या रांगेला, म्हणजे गावाच्या सायलोला, वळसा घालून तो मागच्या मोकळ्या जागेत शिरला, तेव्हा तिथे सावली होती. त्या सावलीच्या मधोमध, दोन टन काँक्रीटच्या ओट्यावर, खगोल मंडळाने पाच महिने खपून उभारलेले सूर्यघड्याळ गारठून बसले होते. क्लेमने मनगटावर पाहिले. बारा वाजून बावीस मिनिटे. जून महिन्यात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, पोर्ट ट्रेवनला सूर्य सर्वांत वर येतो तो याच वेळी. त्याने मान वर केली. सूर्य जिथे हवा होता तिथे सायलो होता.

क्लेमने ओट्यावरची पितळी पट्टी तरीही पुसली. त्यासाठीच तो आला होता.

पट्टीवर त्याच्या बायकोचे नाव होते, मर्ल पास्को, आणि खाली जन्माची तारीख. मर्लचा जन्म वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा. "मिळाला तो दिवसही आखूड," असे ती दरवर्षी केक कापताना म्हणायची. मागच्या ऑगस्टमध्ये ती गेली. क्लेम त्याबद्दल कुणाशी फारसे बोलला नाही. मात्र ऑक्टोबरच्या बैठकीत तो उठून उभा राहिला आणि मर्लच्या नावाने एक सूर्यघड्याळ करावे असे म्हणाला. मंडळाच्या सातही सभासदांनी हात वर केले. आठवी सभासद मर्ल होती, ती फक्त चहाला यायची.

घड्याळ सोपे नव्हते. सावली पाडणारे पाते नेमके किती तिरके ठेवायचे, हे गाव विषुववृत्तापासून किती खाली आहे त्यावर ठरते. पुस्तकातली चित्रे इंग्लंडची, म्हणून आकडे उलट्या दिशेने फिरवून घ्यावे लागले. पण खरी गंमत पितळी पट्टीत होती. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तशी दुपारची सावली लांबत जाते आणि सर्वांत लहान दिवशी ती सर्वांत दूर पोचते. पट्टी बरोबर तिथे बसवली होती. वर्षभर पात्याच्या टोकाची सावली अलीकडेच राहणार. मर्लच्या वाढदिवशी, सूर्याच्या मध्यान्हीला, ती तिच्या नावाला लागणार. क्लेमने हे मेव्हणीला, नोलाला, फोनवर समजावून सांगितले होते. नोला अ‍ॅडलेडला राहायची आणि बहिणीच्या अंत्यविधीला क्लेमशी दोनच वाक्ये बोलली होती. ऐकून घेऊन ती म्हणाली, "बघायला येते." ते वचन होते की धमकी, हे क्लेमला अजून ठरवता आले नव्हते.

त्याने घरी येऊन मंडळाचे अध्यक्ष लायोनेल ट्रेझाइज यांना फोन लावला. लायोनेल निवृत्त औषधविक्रेता होता आणि चांगला खगोलवेडा असल्यामुळे दुपारी झोपलेला असायचा.

"लायोनेल, घड्याळावर ऊन येत नाहीये."

"ढग असतील," पलीकडून जांभई आली.

"ढग नाहीत. सायलो आहे."

"सायलो तर पन्नास वर्षांपासून आहे."

"तेच सांगतोय."

अर्ध्या तासाने लायोनेल पायजम्यावर कोट चढवून घड्याळापाशी हजर झाला. त्याने सायलोकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, खिशातून कागद काढला आणि बराच वेळ आकडेमोड केली. शेवटी समाधानाने म्हणाला, "आपली काही चूक नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, जेमतेम दहा आठवडे, दुपारी इथे सावली येते. बाकीचे बेचाळीस आठवडे हे घड्याळ बिनचूक चालेल."

"वाढदिवस त्या दहा आठवड्यांत आहे, लायोनेल."

"हो, तेवढं एक आहे."

चूक कुठे झाली हे दोघांनाही कळत होते. जागा निवडायला मंडळ गेले होते ते मंडळाच्या नेहमीच्या वेळी, म्हणजे चंद्र मावळल्यावर. तारे बघणारा माणूस कोणत्याही जागेला एकच प्रश्न विचारतो, इथे अंधार किती? सायलोमागे अंधार उत्तम होता. गावाचे सगळे दिवे त्या कोठ्यांच्या रांगेपलीकडे राहायचे. सातही जणांनी माना डोलावल्या, कुणीतरी आकाशगंगेचे कौतुक केले, आणि जागा पक्की झाली. जानेवारीत काँक्रीट ओतले, फेब्रुवारीत एकदा दुपारी वेळ ताडून पाहिली. तेव्हा सूर्य इतका उंच होता की सायलोची सावली सायलोच्या पायाशीच पडली होती. त्यानंतर उजेडात तिकडे कुणी फिरकले नाही.

यात क्लेमला टोचत होते ते वेगळेच. जागा त्यानेच सुचवली होती. त्या सायलोच्या वजनकाट्यावर त्याने एकतीस वर्षे ट्रक मोजले होते. जून-जुलैत केबिनमध्ये पायाशी हीटर घेऊन बसायचा. ऊन येत नाही म्हणून त्याने कंपनीकडे तीनदा अर्जही केला होता. पण तो हिवाळ्याचा गारठा डोक्याच्या एका कप्प्यात आणि हा रात्रीचा अंधार दुसऱ्या कप्प्यात. दोन्हींना कारण एकच आहे, हे त्याच्या कधी लक्षातच आले नाही.

ओटा हलवणे शक्य नव्हते. तो बांधला होता गावातल्या निवृत्त मंडळींच्या कामशाळेने, आणि निवृत्त माणसे कोणतेही काम शंभर वर्षे टिकेल असेच करतात. खाली दीड मीटर खोल लोखंडी सळ्या होत्या. आणि हलवून न्यायचे कुठे? सावली संपते तिथून पुढे जेमतेम अर्ध्या मीटरची जमिनीची पट्टी, मग बोल्स क्लबचे, गवतावर चेंडू घरंगळवत खेळायचे, हिरवळीचे मैदान. तो अर्धा मीटरसुद्धा क्लबचा. क्लेम तरीही क्लबच्या चिटणीस एल्मा हॉकिंग यांच्याकडे विचारायला गेला. एल्माचे वय ब्याऐंशी, उंची क्लेमच्या खांद्याखाली, आणि मैदानावर बुटाचा ठसा दिसला तर ती तो कुणाचा हे ओळखायची. तिने ऐकून घेतले. हिरवळ सप्टेंबरपर्यंत झोपलेली असते, तोवर तिथे कुदळ तर सोडाच, खुर्चीही ठेवता येत नाही, असे तिने सांगितले. मर्लबद्दल वाईट वाटते, हेही सांगितले. आणि दोन्ही खरे होते.

दुसऱ्या दिवशी लायोनेल आरसा घेऊन आला. बायकोच्या कपाटाचे दार होते ते, बिजागऱ्यांसकट. कल्पना अशी की एकाने आरसा घेऊन सावलीच्या पलीकडे, उन्हाच्या त्या पट्टीत उभे राहायचे आणि ऊन मागे घड्याळावर फेकायचे. क्लेमने दार धरले, लायोनेल घड्याळापाशी थांबला. थोडे वर, थोडे डावीकडे असे करत करत शेवटी उजेडाचा चौकोन ओट्यावर येऊन बसला. पितळ झळकले, पात्याची काळीशार सावली पडली. लायोनेल ओट्याभोवती फिरू लागला.

"आलं का?" क्लेमने ओरडून विचारले.

"आलं."

"मग?"

"सावली पलीकडच्या बाजूला पडलीये. ऊन उलट्या बाजूने येतंय ना."

"किती वाजलेत त्यात?"

लायोनेलने वाकून नीट पाहिले. "रात्रीचे बारा."

क्लेमने दार खाली ठेवले. त्यावर लायोनेलने सुचवले की मंडळाला ही वेळ तशी शोभून दिसते, आणि सायलोच्या माथ्यावर दुसरा आरसा बसवला तर तोही प्रश्न सुटेल. क्लेम म्हणाला की माथ्यावर चढणारा माणूस त्याने बघावा. मग लायोनेलने बॅटरीचा विषय काढला. मोठी बॅटरी बांबूला बांधून बरोबर कोनात धरली, तर चारचौघांना फरक कळणार नाही.

"तिच्या नावावर बॅटरी मारायची नाही," क्लेम म्हणाला.

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की लायोनेलने दार उचलले आणि तो घरी गेला. उद्घाटन पुढे ढकलावे तर तो सर्वांत लहान दिवस वर्षातून एकदाच येतो, आणि क्लेम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. निमंत्रणे गेली होती. महापौरबाईंनी होकार कळवला होता. नोलाने बसचे तिकीट काढले होते. त्या रात्री क्लेमने मेव्हणीला फोन करून येऊ नको म्हणावे असे तीनदा ठरवले. तिन्ही वेळा त्याने फोन उचलला आणि खाली ठेवला. नोलाला एकदा येते म्हटल्यावर नको म्हणणे मर्ललाही कधी जमले नव्हते.

वाढदिवसाचा दिवस लख्ख उजाडला. एक ढग असता तरी क्लेमला सबब मिळाली असती.

साडेअकरापासून लोक जमू लागले. चाळीसेक माणसे आली. पोर्ट ट्रेवनला एवढी माणसे एक तर फुटबॉलला जमतात, नाहीतर खिम्याची गरम पेस्टी फुकट असली तर, आणि आज पेस्टी होती. सगळे अदबीने घड्याळाभोवती उभे राहिले आणि पाच मिनिटांत हात चोळू लागले. नोला बसमधून उतरून थेट तिथेच आली, काळा कोट, हातात पर्स. तिने क्लेमपुढे गाल केला, ओट्याला एक चक्कर मारली, पट्टीवरचे नाव वाचले. मग तिने वर सायलोकडे पाहिले आणि तिला समजायचे ते समजले. त्यासाठी तिला कागद लागला नाही.

"इथे ऊन येतं?"

"आज नाही येणार," क्लेम म्हणाला. "चुकलं माझं."

नोलाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "चाळीस वर्षं तू रात्र रात्र त्या दुर्बिणीपाशी बसलास आणि ती घरात एकटी. मी कधी बोलले नाही. आता तिचं नाव लावलंस, तेही सावलीत नेऊन."

कधी बोलले नाही हे खरे नव्हते, पण क्लेमने तो विषय काढला नाही. रात्री निघताना मर्ल फ्लास्क भरून द्यायची आणि विचारायची, आज काय दिसणार? तो सांगायचा. ती मनापासून ऐकायची की तो निवांत मनाने जावा म्हणून विचारायची, हे त्याने कधी तिला विचारले नव्हते. आता विचारायची सोय नव्हती.

बाराला महापौरबाईंनी फीत कापली. निमंत्रणावर वेळ बाराची छापली होती. सूर्याची मध्यान्ह मात्र घड्याळातल्या बारा बावीसला, कारण गावाची घड्याळे गावाच्या सूर्यावर चालत नाहीत, दूर पूर्वेकडच्या कुठल्यातरी रेखांशाच्या रेघेवर चालतात. ही मधली बावीस मिनिटे भरून काढायला लायोनेलने हाच विषय वीस पानांत लिहून आणला होता. तो वाचू लागला.

पहिल्या पानाला मागच्या रांगेतल्या दोन बायका हळूच एक पाऊल मागे सरल्या. दुसऱ्या पानाला पेस्टीवाले टेबल सरकले. लायोनेलने आवाज वाढवला, तशी माणसे आणखी मागे गेली, अगदी सभ्यपणे, तोंड वक्त्याकडे ठेवून. चौथ्या पानापर्यंत महापौरबाईंसकट सगळे गाव सावलीबाहेर उन्हात पोचले होते. त्यांना आणखीही मागे जायचे होते, पण मागे हिरवळ होती, आणि हिरवळीच्या काठावर एल्मा हॉकिंग उभी होती.

"बूट," एवढेच ती म्हणाली.

म्हणून चाळीस माणसे त्या अरुंद पट्टीत एका ओळीत उभी राहिली. टाचा हिरवळीला लागू द्यायच्या नाहीत आणि चवडे सावलीत जाऊ द्यायचे नाहीत. मध्यान्ह जवळ येत होती तशी सावली मुंगीच्या पावलाने मागे, सायलोकडे, सरत होती, आणि जरा जागा झाली की सगळी ओळ तेवढीच पुढे येऊन सुटकेचा निःश्वास सोडत होती.

घड्याळापाशी क्लेम एकटा उरला होता. लायोनेलही वाचता वाचता उन्हात पोचला होता. क्लेमची मान खाली होती, म्हणून त्याला दिसले ते चेहरे नव्हते, बूट होते. चाळीस जोड बूट, दोरी लावावी तसे सरळ. त्याने बुटांवरून नजर मागे आणली, सावलीवरून, घड्याळावरून, सायलोच्या भिंतीवरून थेट वरच्या कठड्यापर्यंत. कठड्यामागे सूर्य होता. मग त्याने मनगटावर पाहिले. बारा वाजून पाच.

त्याने खिशातून पन्नास सेंटचे बाराकोनी नाणे काढले, गुडघे टेकले आणि पट्टीचे स्क्रू काढायला सुरुवात केली.

"काय करतोस?" लायोनेलने पाचवे पान अर्धवट सोडून विचारले.

"ही सावली आज मध्यान्हीला मागे सरून कुठे थांबेल?"

"कुठली?"

"सायलोची. हीच सर्वांत मोठी आहे ना इथे?"

लायोनेलने सायलोकडे पाहिले, या वेळी घड्याळाच्या पात्याकडे पाहावे तसे. मग त्याने भाषणाचे सहावे पान उलटे केले आणि पाठीमागे आकडे मांडायला घेतले. चौथा स्क्रू निघाला. क्लेम पट्टी घेऊन ओळीपाशी आला, महापौरबाईंच्या बुटांसमोर वाकला आणि सावलीच्या काठापासून आत स्वतःच्या एका पंजाइतके मोजून पट्टी जमिनीवर ठेवली. लायोनेलचा हिशेब त्यानंतर दोन मिनिटांनी लागला. तो म्हणाला, "सतरा सेंटिमीटर," आणि क्लेमच्या पंजाकडे बघून कागद खिशात टाकला.

ही जागा क्लबची होती. क्लेमने वर एल्माकडे पाहिले.

"ठेव," ती म्हणाली. "अर्ज नंतर दे. पण एवढी माणसं इथे वाकणार असतील तर ती पट्टी तुडवतील. मागे घे त्यांना." आणि मग, क्लबच्या इतिहासात न घडलेली गोष्ट करावी तशी, तिने स्वतःचे बूट काढले. "मोज्यांवर चालेल."

चाळीस माणसांनी बूट काढले. महापौरबाईंच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते, ते सगळ्यांनी पाहिले आणि कुणी पाहिले नाही. झोपलेल्या हिरवळीवर गाव मोज्यांवर उभे राहिले. लायोनेलने भाषण आवरते घेतले. नोला तेवढी पुढे आली आणि पट्टीपाशी क्लेमच्या शेजारी थांबली.

इतक्या उंचावरून आलेल्या सावलीला धारदार काठ नसतो, तो कडेला विरत जातो, हे क्लेमला माहीत होते. त्यामुळे काही दिसेल याची त्याला खात्री नव्हती. बारा अठरा. पितळ मळकट होते. बारा वीस. मग खालच्या कडेला एक रेघ उजळली, तारखेवर चढली, आणि कठड्यावरून सूर्याची एक कड डोकावली तशी मर्लच्या नावाची अक्षरे एकामागून एक पेटली. क्लेमने मनगटावर पाहिले नाही. लायोनेलने पाहिले आणि मान हलवली. मिनिटभर नाव तसेच राहिले. मग आले होते त्याच वाटेने ऊन मागे फिरले.

"झालं?" नोलाने विचारले.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. आज सर्वांत लहान दिवस. उन्हाचा इथे फक्त हात लागतो."

"आणि बाकीचं वर्षभर?"

क्लेमने विचार केला. हा प्रश्न त्याच्याही डोक्यात आला नव्हता. उद्या, परवा असेच. मग सूर्य वर चढू लागणार, सावली सायलोकडे परत जाणार, आणि ही जागा पुन्हा जूनपर्यंत दुपारी काही सावलीत येणार नाही.

"बाकीचं वर्षभर," तो म्हणाला, "दुपारी उन्हातच असेल ती."

नोलाने सायलोकडे पाहिले. पर्समधून रुमाल काढला, नाक पुसले, रुमाल परत ठेवला.

"हे तू आधी ठरवलं होतंस?"

लायोनेलने घसा खाकरला. मंडळाच्या वतीने एखादे चांगले वाक्य त्याच्या ओठांवर आले असावे. पण क्लेम आधी बोलला.

"नाही."

"वाटलंच," नोला म्हणाली आणि गुडघ्यांवर हात ठेवून पट्टीवरची माती फुंकायला वाकली. "तू मोजून केलं असतंस तर हेही चुकलं असतं."